धुण्यात आटलंय

कपडे दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात, हात चालवणं आणि तोंड बंद ठेवणं. पहिली शिकता येते. दुसरी त्या दोघा भावांना बापाकडून आयती मिळाली होती.

बापाचा नियम साधा होता. गिऱ्हाईक पँट घेऊन येतं आणि कंबर लागत नाही म्हणतं. का लागत नाही हे त्याला माहीत असतं, आपल्याला माहीत असतं, आणि दुकानातल्या आरशाला तर सगळ्यांच्या आधी माहीत असतं. अशा वेळी शिंप्यानं कापड दोन बोटांत धरायचं, जरा चोळून बघायचं आणि म्हणायचं, "धुण्यात आटलंय." गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. ते साबणाला नावं ठेवतं, बायकोला नावं ठेवतं आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्याकडेच येतं. माणसाच्या अंगाबद्दल शिंप्यानं कधी बोलायचं नाही. ते काम त्याच्या सासूचं.

बाप गेल्यावर दुकान दोघांकडे आलं. रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली जायचं, अशी ती अरुंद खोली. खिडकी वर, फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर दिसायची ती फक्त लोकांची पावलं आणि पँटच्या मोहऱ्या. थोरला मापं घ्यायचा आणि कापायचा, धाकटा मशीनवर बसायचा. माप घेताना थोरला आकडा अशा आवाजात सांगायचा की धाकट्याला ऐकू जाईल आणि ज्याची कंबर आहे त्याला जाणार नाही. ही कलाच होती म्हणा ना. धाकटा तो आकडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूनं लिहून घ्यायचा. दोघांचं दिवसभरातलं सरळ बोलणं एवढंच, बाकी सगळं भांडण. कात्री कुठे ठेवलीस, इस्त्री कुणी चालू सोडली, चहा तू पिऊन टाकलास का. जे त्यांना पहिल्यांदाच भांडताना ऐकायचे त्यांना वाटायचं, यांच्यात काहीतरी बिनसलंय.

थोरला तसा रुबाबाचा भोक्ता. लग्नातली पँट मला अजून होते, असं तो कुणी विचारलं नसताना सांगायचा. वहिनी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांना फटकळ उत्तरं द्यायची तिला सवय होती. ती म्हणायची, "होते, पण श्वास घेतला नाही तर."

मग थोरल्याच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. ती निघाली तीही नको त्या जागी. सर्जननं कागदावर चित्र काढून तिघांना समजावलं. लिव्हरमध्ये रक्त खालून येतं आणि वरच्या मोठ्या शिरांतून बाहेर पडून हृदयाकडे जातं, गाठ नेमकी त्या शिरांना चिकटून बसली होती. अर्ध्याहून जास्त लिव्हर काढून टाकावं लागेल, ते म्हणाले, आणि जी शीर वाचेल तिला दुसरीकडची शीर जोडून तोंड नीट करावं लागेल. उरलेला भाग पुढे आपोआप वाढतो.

"म्हणजे आमच्यासारखंच की," थोरला म्हणाला. "फाटलं तिथे ठिगळ."

सर्जन हसले, म्हणजे ओठ हलवले. ऑपरेशनला सगळा दिवस लागला. गाठ निघाली, ठिगळ बसलं, थोरला घरी आला. आला तेव्हा त्याच्या अंगावर मांस म्हणून काही राहिलं नव्हतं. धाकट्यानं त्याच्या सगळ्या पँटी दुकानात नेल्या आणि कमरेत, मांडीत, मोहरीत, सगळीकडून आत घेतल्या. जादा कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. माणूस परत भरणार, तेव्हा लागेल. असा विचार करताना त्याला बरं वाटलं होतं.

आणि भरला की. थोरला दुकानात यायला लागला, काही आठवड्यांनी कंबर लागत नाही म्हणाला. धाकट्यानं शिवण उसवली, बोटभर सोडली, पुन्हा टीप मारली. त्या दिवशी त्यानं स्वतःच्या पैशानं केक आणला. वहिनीनं तर शेजारपाजारी सांगितलं, ह्यांनी बाळसं धरलंय म्हणून.

पुढच्या खेपेला थोरला पँट त्याच्या मशीनवर टाकत म्हणाला, "कंबर सोड परत. आणि मांडीत जरा ढगळ वाटते रे, तिथे आत घे."

धाकट्यानं कंबर सोडली. मग मांडीची शिवण उलटी केली आणि टाचणी लावायला लागला. टाचणी लावता लावता त्याचा हात थांबला. माणूस जाड होतो तो सगळीकडून होतो. पोट येतं तशा मांड्याही येतात, दंड येतात, मान येते, कॉलरचं बटण लागेनासं होतं. एका पँटीत कंबर सोडायची आणि मांडी आत घ्यायची, असं काम त्याच्या हाताखालून आजवर गेलं नव्हतं. त्याच्या हातांना तेव्हाच कळलं. डोक्याला कळायला वेळ लागला असं म्हणायची सोय नाही, डोक्यालाही लगेच कळलं.

"काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"काही नाही. धुण्यात आटलंय."

थोरल्यानं कापड दोन बोटांत धरलं, चोळलं. "हो, आटलंयच," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला सांगतो, गरम पाण्यात टाकू नकोस म्हणावं."

धाकटा का बोलला नाही, याची त्यानं नंतर पुष्कळ कारणं काढली. दादाला वाईट वाटलं असतं. आपण काय डॉक्टर आहोत. शाळांच्या गणवेशांचा हंगाम होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ही सगळी कारणं नंतरची. खरं कारण एकच होतं, त्याला भीती वाटली, आणि बोललं की ती खरी होईल असं वाटलं. म्हणून त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

थोरल्यानंही हंगामाचं निमित्त करून तपासणीची तारीख पुढे ढकलली. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला तेव्हा तो दुकानातच होता, मापं घेत होता. वजन किती, तिनं विचारलं. वजन तेवढंच होतं. अंगातलं मांस गेलं होतं, त्याच्या जागी पोटात पाणी भरलं होतं, काट्याला दोन्ही सारखंच. पोट फुगल्यासारखं वाटतं का? छे. कपडे घट्ट होतात का? "अहो, माझा भाऊ शिंपी आहे," थोरला म्हणाला. "कपडे अगदी मापात बसतात." आणि त्यानं धाकट्याकडे बघून डोळा मारला. धाकट्यानं मान खाली घातली आणि मशीनचं पायडल दाबलं.

धाकट्यानं आणखी एकदा कंबर सोडली. आत दुमडलेलं कापड संपलं.

शेवटी सांगितलं ते पायांनी. बुटाची काही शिवण सोडता येत नाही. एका सकाळी थोरल्याचा पाय बुटात जाईना, वहिनीनं मोजा खाली ओढला आणि घोट्याच्या वर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. तिनं कचेरीत फोन केला, धाकट्याला फोन केला आणि थोरल्याला सपाता घालून हॉस्पिटलात आणलं.

डॉक्टर बाई चाळिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजकं. शिरांमधून तार घालून आतली कामं करणं हा त्यांचा विषय. त्यांनी सोनोग्राफी केली, आणखी एक स्कॅन केला आणि तिघांना एका छोट्या खोलीत बसवलं. उरलेलं लिव्हर चांगलं वाढलंय, त्या म्हणाल्या. पण वाढताना ते रिकाम्या झालेल्या जागेकडे कललं, आणि जोडलेल्या शिरेला त्यामुळे मुरड पडली. रक्त आत येतंय, बाहेर जायची वाट जवळजवळ बंद. म्हणून लिव्हर सुजलंय आणि पाणी पोटात झिरपतंय.

"उपाय आहे," त्या म्हणाल्या. "मानेतल्या शिरेतून तार घालून तिथपर्यंत जायचं, फुग्यानं शीर उघडायची, आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत स्टेंट ठेवायचा. स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची नळी. पण आधी मला सांगा, पोट कधीपासून वाढतंय?"

"चार-पाच दिवस झाले असतील," थोरला म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. चार-पाच दिवसच असतील तर आपण घाई करू नये, त्या म्हणाल्या. लघवीचं औषध सुरू करू, आठवडाभर बघू, सूज उतरली तर शीर थोडी मोकळीही होईल. फार दिवसांचं असतं तर गोष्ट वेगळी. तुंबलेलं लिव्हर फार काळ तसंच राहिलं की कडक होत जातं, मग वाट उघडूनही उपयोग होत नाही.

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. दाढ काढण्याआधी सुई दिल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. आपण आता बोलणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"चार-पाच दिवस नाही, मॅडम. गणवेशांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून. मी त्याच्या पँटी सोडत होतो कमरेत. पहिल्यांदा वाटलं, तब्येत सुधारतेय. पण मांडीत आत घ्यायला लागत होतं."

थोरला छताकडे बघत होता. बाईंनी ओरडावं असं धाकट्याला फार वाटलं, पण त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या चित्राकडे पाहिलं. "मग आठवडा थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज पोटातलं पाणी थोडं काढू. उद्या स्टेंट."

बाहेर आल्यावर वहिनीनं त्याला पाण्याच्या मशीनपाशी गाठलं. टपाल कचेरीतला तो आवाज तिच्याजवळ नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं, भावजी."

"हो."

"मी गार पाण्यात धुवायला लागले," ती म्हणाली. "ह्यांच्या पँटी. मशीनमध्ये नको, आणखी आटतील, म्हणून हातानं धुवायला लागले. बोटं बधिर व्हायची माझी." तिनं बोटं पुढे केली, जणू तिथे अजून काही दिसेल. "एकदा सांगायचं होतंत मला."

धाकट्यानं मान हलवली. त्याला रडूही येत नव्हतं. वहिनीला रडू येत होतं, तिनं ते दाबलं आणि ती निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. काही सांगायचं असलं की थोरल्याला सांगायची, "भावजींना म्हणावं, किल्ली ठेवून जा." धाकटा तिथे पुढ्यातच उभा असायचा.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला नेलं. त्याआधी बाईंनी सही घेताना सगळं सांगितलं होतं. रक्तस्राव होऊ शकतो. जाळी जागेवरून सरकू शकते, आणि ती सरकली तर हृदयाकडे जाते. सगळं नीट होऊनही लिव्हरनं साथ दिली नाही, असंही होऊ शकतं. वहिनीनं पेन घेतलं आणि सही केली. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी बाई ती, स्वतःची सही मात्र तिला एका फटक्यात जमली नाही.

बाहेर बाक होते, निळ्या रेक्झिनचे. वहिनी एका टोकाला बसली, धाकटा दुसऱ्या. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. धाकट्याच्या बाकाची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती, आतला स्पंज बाहेर डोकावत होता. तो ती शिवण बघत बसला. आत दादाच्या मानेत तार जात असेल, याचा त्यानं विचार करून पाहिला. विचार झाला, पण त्याच्यामागून काही आलं नाही. एक माणूस फरशी पुसत आला, त्यानं पाय वर घ्यायला सांगितले, धाकट्यानं घेतले. तो माणूस गेला तरी त्याचे पाय वरच राहिले होते. वहिनीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "झालं," त्या म्हणाल्या. मुरडीच्या अलीकडे आणि पलीकडे रक्ताचा दाब मोजला तेव्हा फरक फार होता. फुग्यानं शीर उघडली, पण फुगा काढला की मिटायची. म्हणून जाळी ठेवली, आणि आता दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा आहे. रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू राहील.

"म्हणजे आता बरे होतील ना?" वहिनीनं विचारलं.

"शीर उघडी आहे, एवढं मी सांगू शकते. पुढचं पोट सांगेल. रोज सकाळी पोटाचं माप घ्यायचं. कमी होत गेलं तर चांगलं. पण वाढलं, अगदी थोडं वाढलं, तरी मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. जाळीच्या टोकाशी शीर पुन्हा आवळली जाऊ शकते. त्याच दिवशी कळलं तर आत जाऊन दुसरी जाळी घालता येते. उशीर झाला तर तुंबलेलं लिव्हर जातं, आणि मग माझ्या हातात काही उरत नाही." हे सगळं त्या वहिनीला सांगत होत्या, शेवटचं वाक्य मात्र त्यांनी धाकट्याकडे बघून सांगितलं.

वॉर्डातल्या सिस्टरनं थोरल्याच्या पोटावर बेंबीच्या रेषेत पेनानं दोन्हीकडे खुणा केल्या, रोज माप तिथूनच घ्यायचं म्हणून. पहिल्या सकाळी ती टेप घेऊन आली तर थोरला अंग चोरायला लागला. "परक्या माणसानं टेप लावली की मला गुदगुल्या होतात," तो म्हणाला. "जन्मभर दुसऱ्यांना लावली ना. ह्याला घेऊ दे." सिस्टरनं खांदे उडवले. खुणा होत्या, टेप होती, हात कुणाचा का असेना. तेव्हापासून माप धाकटा घ्यायचा आणि ती लिहायची.

पोट उतरायला लागलं. सावकाश, पण रोज. पायांची सूज गेली, घोट्याची हाडं दिसायला लागली. थोरल्याची जीभ सुटली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तो कोटाच्या खांद्याबद्दल भाषणं द्यायला लागला आणि हॉस्पिटलच्या सुपाला नावं ठेवायला लागला, म्हणजे बरा होता. वहिनी त्याच्याशी हसायची. धाकटा रोज सकाळी यायचा, टेप लावायचा, आकडा सांगायचा, दुकानात जायचा. आकडा कमी झाला की सिस्टर "वा" म्हणायची. धाकट्याला ते "वा" कुठून तरी लांबून ऐकू यायचं. आनंद झाला पाहिजे हे त्याला कळत होतं. दुकानात तो शिवत बसायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि पँट आणून दिल्यावर लोक कंबर लागत नाही म्हणाले की नुसतं "ठेवून जा" म्हणायचा.

एके दिवशी बाई म्हणाल्या, सकाळचं माप ठीक असलं तर उद्या घरी.

दुसऱ्या सकाळी वहिनी घरी कपडे आणायला गेली होती. धाकटा आला तेव्हा थोरला खाटेवर बसलेला होता, दाढी केलेला, केस विंचरलेले. म्हाताऱ्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता, सिस्टर पडद्याआड त्याची सलाईन बघत होती. "माप घ्या तोवर, मी आलेच," ती आतूनच म्हणाली.

धाकट्यानं टेप काढली. थोरल्यानं शर्ट वर केला.

"जरा ओढून धर," थोरला म्हणाला.

तो दुकानातलाच आवाज होता, एकालाच ऐकू जाणारा. धाकट्याचा हात थांबला.

"ऐकलंस तू," थोरला म्हणाला. "रात्रीपासून तट्ट वाटतंय. बोटभर वाढलं असेल. असू दे. आधी घरी जाऊ, मग बघू."

"दादा, त्या म्हणाल्या होत्या की..."

"त्या काय म्हणाल्या ते मला माहीत आहे. मानेत तार घालतात तेव्हा माणूस जागा असतो रे, अर्धामुर्धा. छातीत काहीतरी सरपटत जातं आणि ते आपल्याला कळतं. तुला काय, बाहेर बाकावर बसायचं असतं." त्यानं पडद्याकडे पाहिलं. "तेव्हा गप्प बसलास ना? मग आजच्या दिवस बस."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. "तुला कळलं होतं?"

"मी कापतो कापड. आटलं तर ते लांबीतही आटतं. पँट घोट्याच्या वर गेली होती का माझी?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," थोरला म्हणाला.

धाकट्यानं टेप त्याच्या पाठीमागून फिरवली आणि दोन्ही खुणांवर बसवली. टेपमध्ये चोरी करायची तर बोटभर कुठेही करता येते. जरा ताणायची, किंवा माणसानं श्वास सोडला की पटकन आकडा वाचायचा. थोरला श्वास सोडून तसाच बसला होता, पोट आत ओढून, गिऱ्हाइकं बसतात तसा. धाकटा थांबला. थोरल्याला किती वेळ श्वास धरता येणार. त्यानं तो घेतला, पोट परत आपल्या जागी आलं, आणि धाकट्यानं आकडा वाचला.

"सांगा," सिस्टर पडद्याआडून म्हणाली.

धाकट्यानं सांगितलं.

"ऐकू नाही आलं."

"साडेएकेचाळीस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा आला की समोरच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. "कालच्यापेक्षा जास्त आहे."

सिस्टर पडदा सारून बाहेर आली. तिनं टेपकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. "परत घ्या एकदा," ती म्हणाली. "हललं असेल."

"परत घेतलं तरी तेवढंच येईल."

तिनं पुन्हा थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं डोळे मिटले होते. "त्याचं माप चुकत नाही, सिस्टर," तो म्हणाला. "लिहा."

तिनं लिहिलं आणि ती फोनकडे गेली. चालत नाही, जवळजवळ पळत. फोनवर ती बाईंचं नाव घेताना ऐकू आलं, मग "हो, लगेच" असं ऐकू आलं.

थोरल्यानं शर्ट खाली ओढला. घरी जायचं म्हणून घातलेला शर्ट. "दगड आहेस तू," तो म्हणाला.

"हो."

"परत मान टोचतील."

"हो."

"मला भीती वाटते रे," थोरला म्हणाला. त्या घरात असं आजवर कुणी बोललं नव्हतं, बापही बोलला नव्हता.

"मलाही," धाकटा म्हणाला, आणि म्हणता म्हणता ती आली. इतके दिवस कुठे होती कोण जाणे. त्याला खाटेच्या कडेवर बसावं लागलं. त्यानं थोरल्याचं मनगट धरलं. त्याचं बोट आणि अंगठा त्या मनगटाभोवती सहज एकमेकांना लागले.

"दादा, तू फार वाळलायस," तो म्हणाला.

थोरल्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. "अजून सांग," तो म्हणाला.

मग धाकट्यानं सांगितलं. मांड्यांचं सांगितलं, मानेचं सांगितलं, खांद्यावरून कोट कसा घसरतो ते सांगितलं, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तो दिवस सांगितला. थोरला खाली बघून ऐकत होता आणि मध्येमध्ये "हं" म्हणत होता. वहिनी कपड्यांची पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली, तिनंही ते ऐकलं. ट्रॉली आली तेव्हा धाकट्याचं सांगून झालं नव्हतं, म्हणून तो ट्रॉलीबरोबर चालत बोलत राहिला.